पहिला शर्ट स्वतःसाठी मागव

सप्रेम नमस्कार काकू,

मी साताऱ्यात एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. वय ३३, एटीडी (चित्रकला शिक्षकांची पदविका) झालं आहे. पाच-सहा वर्षांपासून कासची फुलं, चार भिंती, लिंबची बारा मोटांची विहीर असं काढत असते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. लोक म्हणतात, ‘मॅडम, याचे टी-शर्ट करा ना.’ धाकटे दीर म्हणतात, तमिळनाडूतल्या तिरुपूरहून दोनशे शर्ट मागवू, साठ-सत्तर हजार घालू, दिवाळीपर्यंत सगळे जातील. मैत्रीण म्हणते, प्रिंट ऑन डिमांड कर, एक रुपया घालावा लागत नाही. सासूबाई म्हणतात, शिक्षिकेनं कापडं विकायला कशाला निघायचं. यात मला काहीच कळत नाही. कोणती कंपनी चांगली? महिन्याला किती सुटतील? जीएसटी लागतो का? आणि महाराजांचं चित्र टाकलं तर सगळ्यांत जास्त खपेल असं जो तो सांगतो, ते करू का? सोबत तीन चित्रं पाठवते: सीतेची आसवं आणि वायतुरा ही कासची फुलं जलरंगात, विहीर काळ्या शाईत. वायतुरा इन्स्टावरच्या एका फोटोवरून काढला आहे.

– एक शिक्षिका, सातारा

*

तुझी तिन्ही चित्रं मी आधी मोबाइलवर पाहिली आणि मग मुलाच्या कॉम्प्युटरवर मोठी करून पाहिली. सीतेच्या आसवांचं चित्र फार आवडलं. जांभळ्या ठिपक्यांच्या मधून ओला कातळ तू कोराच सोडला आहेस, आणि तो खरंच ओला दिसतो. असा हात असलेल्या मुलीचे पैसे चुकीच्या जागी अडकू नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, दोनशे शर्ट मागवू नकोस. दीर तुझ्या भल्याचंच बोलत आहेत, स्वतः पदरमोड करायला तयार आहेत, त्यांना दुखवू नकोस. पण आमची स्क्रीन प्रिंटिंगची शेड बावीस वर्षं चालली, त्यातला एक अनुभव त्यांना वाचून दाखव. एका पावसाळ्यात आम्ही हौसेनं स्वतःच्या डिझाइनचे १२० शर्ट छापले. मिडियम आणि लार्ज पंधरा दिवसांत संपले. मग येणारा प्रत्येक जण एक्सएल मागायचा आणि आमच्या फडताळात स्मॉलची थप्पी. दोन वर्षांनी ती काढली तेव्हा पांढऱ्या शर्टांच्या घड्यांवर पिवळे पट्टे उमटले होते. त्या वर्षी मुलाच्या क्लासची फी आम्ही उसने घेऊन भरली. दोनशे शर्ट ऐकायला पुष्कळ वाटतात, पण चार डिझाइनं, दोन रंग आणि पाच मापं असा हिशेब केलास तर एकेका प्रकाराला पाचच शर्ट येतात. त्यातले कुठले पाच आधी जातील हे बावीस वर्षं छापूनही मला सांगता येत नाही.

प्रिंट ऑन डिमांड या अडचणीवर निघालेला तोडगा आहे. तुझं चित्र छपाईवाल्याकडे फाइलच्या रूपात असतं. कोरे शर्ट, पिशव्या, कॉफीचे मग हे सगळं त्याच्या गोदामात. पुण्यातल्या एखाद्या मुलीनं तुझ्याकडे एक्सएल काळा शर्ट मागितला की तू ती ऑर्डर त्याला देतेस, तो एकच शर्ट छापतो, पाकिटात घालतो आणि परस्पर तिच्या पत्त्यावर पाठवतो. बहुतेक ठिकाणी पाकिटावर तुझ्या दुकानाचं नाव टाकायची सोय असते. गिऱ्हाइकानं दिलेले पैसे आणि छपाईवाल्याचं बिल यांत जे अंतर, ती तुझी कमाई. न विकलेला माल हा प्रकारच उरत नाही.

‘एक रुपया घालावा लागत नाही’ या मैत्रिणीच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. नमुने मागवायला पैसे लागतात, आणि गिऱ्हाईक शोधण्याचं काम शंभर टक्के तुझ्याकडेच राहतं. छपाईवाला एकही गिऱ्हाईक आणून देत नाही. हे आधीच पक्कं माहीत असलं म्हणजे तिसऱ्या महिन्यात निराशा येत नाही.

आता पैशांचं. खालचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, तू ज्याच्याकडून छापून घेशील त्याचं दरपत्रक समोर ठेवून हेच गणित पुन्हा मांड. समजा शर्ट, छपाई, कुरिअर आणि त्यांवरचा कर मिळून ३८० रुपये पडले. तू तो घरपोच ५९९ ला विकलास. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवा साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी कापतात, ते १४ रुपये. उरले २०५. आता दहा जणांनी कॅश ऑन डिलिव्हरीनं मागवले आणि एकानं दारातूनच परत पाठवला असं धर. नऊ शर्टांचे १८४५ आले, दहाव्याचे ३८० गेले आणि परतीचं कुरिअर ७० असं धरलं तर तेही गेलं. हातात राहिले १३९५, म्हणजे शर्टामागे १४० सुद्धा नाहीत. एका परतीनं दोन शर्टांहून जास्त कमाई खाल्ली. शिवाय परत आलेला शर्ट तुझ्याच घरी येऊन पडतो, म्हणजे जो साठा टाळायचा होता तोच हळूहळू जमायला लागतो. म्हणून सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नकोस. तुला ओळखणारी माणसं यूपीआयनं आधी पैसे द्यायला कुरकुरत नाहीत.

दिरांच्या बाजूनंही सांगायला हवं. घाऊक छापलं तर तोच शर्ट बराच स्वस्त पडतो आणि प्रत्येकामागे जास्त सुटतात, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त ते आधी करायचं नसतं. एखादं डिझाइन मागणीनुसार छापून चाळीस-पन्नास गेलं, कुठलं माप किती गेलं याची नोंद तुझ्या वहीत आली, की मग त्या एका डिझाइनचे, त्याच मापांच्या प्रमाणात शर्ट स्क्रीन प्रिंटिंगनं छापून घ्या. तेव्हा त्यांचे पैसे बुडायची भीती फारशी उरणार नाही.

महिन्याला किती सुटतील याचं उत्तर कुणी आकड्यात दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला दहा शर्ट गेले तरी सुरुवात चांगली झाली, म्हणजे दोनेक हजार रुपये. नोकरी सोडायचा विचारही नको. आणि नोकरीचं निघालं म्हणून सांगते, तुझं नेमणूकपत्र एकदा नीट वाच. काही संस्थांच्या अटींत दुसरा व्यवसाय करायला लेखी परवानगी लागते. ती आधी मागितली तर सहसा मिळते, नंतर कळलं तर मनं कलुषित होतात.

कंपन्या दोन प्रकारच्या आहेत. एक प्रकार भरलेल्या बाजारासारखा. रेडबबल त्यातलं मोठं नाव, २००६ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेलं. तिथं चित्र चढवायचं, बाकी विक्री, पैसे घेणं, पाठवणं सगळं ते करतात आणि तुला तुझा वाटा मिळतो. पण गिऱ्हाईक मुख्यतः परदेशातलं, चित्रांची गर्दी अफाट, आणि २०२३ पासून साध्या दर्जाच्या खात्यांच्या कमाईतून ते शुल्कही कापतात. तिथं ‘सातारा’ हा शब्द कुणी शोधायला येत नाही. दुसरा प्रकार नुसत्या छपाईवाल्यांचा: दुकान तुझं, छपाई त्यांची. प्रिंटफुल आणि प्रिंटिफाय ही त्यातली जगभरची मोठी नावं, २०२४ च्या नोव्हेंबरात ती दोन्ही एकत्र झाली. पण तुझा शर्ट कोथरूडला किंवा ठाण्याला जायचा आहे, तो समुद्रापलीकडून कशाला यायला हवा? आपल्याकडे तिरुपूरची क्विकिंक आणि चेन्नईची प्रिंट्रोव्ह यांसारख्या सेवा हेच काम करतात. मी कुणा एकीची शिफारस करणार नाही. दोन ठिकाणांहून एकेक शर्ट मागव, तोच तुझ्या विहिरीचा, एकाच मापाचा. काम कसं आहे ते तुझ्या डोळ्यांना कळेल.

शॉपिफायवर स्वतःचं ऑनलाइन दुकान उघड असा सल्ला तुला कुणीतरी देईलच. त्याचं दर महिन्याला भाडं असतं आणि दहा शर्टांच्या कमाईत ते जड जातं. सध्या इन्स्टाग्रामवर चित्र दाखव, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घे आणि छपाईवाल्याच्या संकेतस्थळावर ती स्वतः भर. एका ऑर्डरला पाच मिनिटं लागतात. हे काम रोज नकोसं वाटायला लागेल इतक्या ऑर्डरी यायला लागल्या की दुकानाचा विचार कर.

पहिला शर्ट स्वतःसाठी मागव, असं मी शीर्षकातच म्हटलं आहे. तो आला की पाकीट उघडताना व्हिडिओ काढ, कारण खराब छपाईची तक्रार करायची तर बहुतेक ठिकाणी तो मागतात आणि ठरावीक दिवसांतच मागतात. मग तो घाल, शाळेत जा, घाम येऊ दे, घरच्या मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर धू. असं दहा वेळा कर. कडा उचलल्या का, काळा रंग करडा झाला का, कापड आटलं का, हे बघ. गिऱ्हाईक फोन करणार ते तुला, तिरुपूरला नाही. तेव्हा तुझ्याकडे खरं उत्तर असायला हवं.

छपाईच्या तऱ्हा तुला माहीत असायला हव्यात, कारण तुझ्या जलरंगाच्या आणि शाईच्या चित्रांना वेगवेगळी उत्तरं आहेत. डीटीजी म्हणजे कागदावर प्रिंटर चालतो तशी शाई थेट सुती कापडावर. हाताला मऊ लागते, कापडात मुरते. डीटीएफ म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापून, त्याला चिकट पावडर लावून, गरम प्रेसनं कापडावर बसवायचं. रंग ठसठशीत येतात, पण वर एक पातळ थर राहतो, आणि छातीभर भरीव चित्र असलं तर आपल्या उन्हाळ्यात त्याखाली घाम धरतो. सब्लिमेशन म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ करून रंग मुरवायचा; ते पॉलिस्टरवर आणि खास लेप दिलेल्या मगवर चालतं, सुती शर्टावर नाही. गडद कापडावर डीटीजी असो की डीटीएफ, रंगाखाली आधी पांढरा थर द्यावा लागतो.

आणि नेमका तिथंच जलरंगाचा घात होतो. तुझ्या सीतेच्या आसवांत रंग कडेला विरत विरत कागदात हरवतो, तेच त्याचं सौंदर्य आहे. काळ्या शर्टावर ती विरणारी कड पांढऱ्या थरावर बसते आणि फुलांभोवती पांढुरकी झालर दिसते. ते चित्र काळ्या शर्टावर छापू नकोस. पांढऱ्या शर्टावरही माझं मन घेत नाही. ते सायीच्या रंगाच्या सुती पिशवीवर शोभेल, वहीच्या मुखपृष्ठावर आणि पोस्टकार्डावर तर फारच. याउलट विहिरीचं शाईचं चित्र शर्टासाठीच काढल्यासारखं आहे: दोनच रंग, स्वच्छ रेषा, भरीव भाग कमी. काळ्या शर्टावर पांढऱ्या रेषेत ती विहीर डोळ्यांपुढे आण. फक्त पायऱ्यांच्या रेषा फार बारीक आहेत, कापडावर तुटतील. तेवढ्या जाड करून पुन्हा काढ.

फाइलबद्दल थोडं. चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो छपाईला चालत नाही, एका कोपऱ्यात सावली येतेच. सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन कर. छपाईच्या मापाला ३०० डीपीआय हवेत, म्हणजे बारा बाय सोळा इंचाच्या छपाईला ३६०० बाय ४८०० पिक्सेल. कागदाचा पांढरेपणा काढून टाकून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल कर, नाहीतर शर्टावर फुलांमागे पांढरा चौकोन छापून येतो. हे होताना मी पाहिलं आहे, आणि चूक छपाईवाल्याची नसते. क्रिटा आणि गिंप ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. फाइल कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तिचा बारीकपणा दाबला जातो. आणि पडद्यावर दिसणारा तेजस्वी जांभळा कापडावर तसाच उतरेल अशी आशा धरू नकोस. पडद्याला मागून उजेड असतो, कापडाला नसतो. जांभळ्याला हे सगळ्यांत जास्त लागू पडतं.

आता महाराजांच्या चित्राबद्दल, आणि हे मी जरा ठासून सांगते. बोधचिन्हं आणि नावांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे. व्यापारासाठी केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कोणती नावं आणि चित्रं वापरायची नाहीत याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. बाजारात असे शर्ट सर्रास दिसतात हे मलाही दिसतं, पण म्हणून ते तुझ्या नावानं विकायचे नाहीत. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेव. शर्ट घामानं भिजतो, बादलीत पडतो, विटला की लोक त्यानं गाडी पुसतात. महाराजांची छबी तिथं गेलेली साताऱ्याच्या माणसाला बघवेल का? आम्ही शेडमध्ये हे काम कधीच घेतलं नाही. शिवजयंतीच्या हंगामात मोठ्या ऑर्डरी परत पाठवताना पोटात गोळा यायचा, पण त्याचा पश्चात्ताप आजवर झालेला नाही. अजिंक्यताऱ्याचा दरवाजा काढ, सज्जनगडाच्या पायऱ्या काढ, तटावरचं गवत काढ, त्याला कुणाची हरकत नाही. तिरंगाही शर्टावर नको. राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात कपड्यांवर ध्वज छापण्याबद्दल स्पष्ट मनाई आहे. सिनेमातले संवाद, क्रिकेटपटूंचे चेहरे, कंपन्यांची चिन्हं यांच्याही वाटेला जाऊ नकोस.

तुझा वायतुराही सध्या छापायचा नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण चित्र सुरेख आहे. पण तो फोटो कुणीतरी पहाटे उठून, चिखलात गुडघे टेकून काढला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं त्या फोटोवर त्याचा हक्क आहे, आणि तोच कोन, तीच चौकट घेऊन काढलेलं चित्र विकायचं तर त्याची परवानगी लागते. हाच कायदा तुझ्या चित्रांचंही रक्षण करतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलंस की हक्क तुझा. पण मूळ कागद, त्यावरची तारीख आणि कच्ची रेखाटनं जपून ठेव. उद्या कुणी तुझी विहीर उचलून स्वतःच्या नावानं छापली तर तोच पुरावा.

जीएसटीचं थोडक्यात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, हे तुला कुणीतरी सांगेल आणि ते खरं आहे. पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ती सूट लागू होत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. ॲमेझॉनसारख्या बाजारातून विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही फक्त आपल्या राज्यात विकता येतं, त्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. तुझ्या बाबतीत छपाईवाला तमिळनाडूत, तू साताऱ्यात आणि गिऱ्हाईक कुठंही, त्यामुळं बिल कोणाच्या नावानं फाटतं आणि माल कुठून कुठं जातो यावर बरंच अवलंबून आहे. सुरुवात करायच्या आधी पोवई नाक्यावर किंवा जिथं ओळखीचा असेल तिथं एखाद्या सीएकडे अर्धा तास बस आणि हाच नकाशा कागदावर काढून दाखव. नोंदणीला सरकारी फी नाही. घेतलीस तर विवरणपत्रं मात्र विक्री शून्य असली तरी वेळेवर भरावी लागतात, ते विसरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर आहे, तो तुझ्या किमतीत धर.

आता गिऱ्हाईक. कासच्या हंगामात पठारावर गाड्यांची रीघ लागते, म्हणून तिथं येणारे पर्यटक तुझे शर्ट घेतील असं दिरांच्या मनात असावं. पण पर्यटकाला वस्तू आत्ता हातात हवी असते. मागणीनुसार छापलेला शर्ट घरी पोचायला आठवडा सहज जातो, तोवर तो माणूस मुंबईला जाऊन कास विसरलेला असतो. तुझं खरं गिऱ्हाईक मला दुसरीकडे दिसतं: नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली मुलं. चार भिंतींवर बसून ज्यांनी संध्याकाळी शहरातले दिवे पाहिले, ज्यांना कुणी ‘कुठला रे तू’ विचारलं की छाती पुढं काढून सातारा सांगायचं असतं, ती मुलं आठवडाभर आनंदानं थांबतील. त्यांच्यासाठी काढ. ‘आय लव्ह सातारा’ कुणीही छापेल. बारा मोटांच्या विहिरीत उतरल्यावर कानाला लागणारा गारवा ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी फक्त तूच काढू शकतेस.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर चार ओळी लिही. सीतेची आसवं हे नाव इतकं हळवं, पण ती वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिला बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव पकडून पचवते, कारण कातळावरच्या त्या पातळ मातीत पोषण फार कमी. हे किती सातारकरांना माहीत आहे? तुझ्या वर्गातल्या मुलांना सांगतेस तशाच शब्दांत लिही. पिशवी घेणारी बाई ती गोष्ट दुसऱ्या बाईला सांगेल, आणि तुझी जाहिरात तशीच होईल.

पर्यटकांसाठी काही करायचंच असेल तर पोस्टकार्डं कर, आणि ती साताऱ्यातच छाप. कुठल्याही डिजिटल प्रेसमध्ये बारा बाय अठराच्या एका शीटवर चार बाय सहाची सहा कार्डं आरामात बसतात. ३०० जीएसएम वजनाचं जाड आर्ट कार्ड माग, चकचकीत लॅमिनेशन नको, नाहीतर पाठीमागं लिहिलं तरी पुढची बाजू प्लॅस्टिकची वाटते. दहा शीट छापलीस तर साठ कार्डं झाली, आणि नाही खपली तरी फार नुकसान नाही. हेसुद्धा मागणीनुसार छापणंच आहे, फक्त छपाईवाला दोन गल्ल्यांवर आहे आणि रंग चुकला तर समोर उभं राहून सांगता येतो.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या पिढीनं घरातल्या बाईच्या हातात पैसा यायला लागल्यावर लोक काय बोलतात ते ऐकलेलं आहे, त्यांच्या बोलण्यामागं ती भीती आहे. सीतेच्या आसवांची पहिली पिशवी आली की ती त्यांना दे. मंडईत भाजी आणायला घेऊन जातील. तिथं कुणी विचारलं, ‘कुठून आणली हो?’ तर काय उत्तर देतात ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

या आठवड्यात एवढंच कर: विहिरीच्या पायऱ्यांच्या रेषा जाड कर, स्कॅन कर, दोन ठिकाणी एकेक शर्ट आणि एक पिशवी मागव. दीड-दोन हजारांच्या आत होईल. सप्टेंबरात पठार फुललं की शाळेच्या सुट्टीच्या दिवसापेक्षा मधल्या वारी अर्धी रजा टाकून जा, गर्दी कमी असते. हंगामात प्रवेशाचं आरक्षण ऑनलाइन करता येतं, जाण्याआधी त्याचे नियम बघून घे. वायतुरा कातळावरच्या साचलेल्या पाण्यात असतो, दुभंगलेल्या तुऱ्यावरून लगेच ओळखू येईल. डबक्यात पाय घालू नकोस, काठावर बसून वही मांडीवर घे आणि तिथंच काढ. पावसानं कागद भिजला तरी चालेल. ते चित्र झालं की मला पाठव.